बाजी आणि अकोल्याची लाइन

एंटरची कळ दाबण्याआधी बाजी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर घेत. काळ्या पडद्यावर त्यांनी टाइप केलेली ओळ तशीच थांबलेली असे आणि बाजी ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ओठांतल्या ओठांत वाचत. मग पुन्हा एकदा वाचत. दारात बिलिंगचा माणूस ‘मॅडम, पेशंट खोळंबलेत’ म्हणून उभा असो, टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजत असोत, त्यांच्या वाचण्याची चाल बदलत नसे. समाधान झालं की उजवा हात पुढे येई, कळ दाबली जाई, आणि हात परत मांडीवर. नव्याने पाहणाऱ्याला वाटे, या बाई काहीतरी मंत्र पुटपुटतात. पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं.

आमचं हॉस्पिटल अमरावतीत, त्याची एक लहान शाखा अकोल्यात. अमरावतीच्या इमारतीत एक्स-रे विभागाच्या मागे बिनखिडकीची एक खोली होती. तिथे सर्व्हर, आणि त्याला लागून असलेल्या बोळकांडीवजा जागेत आम्ही दोघं. मी आईच्या आजारपणामुळे पुणं सोडून परत आलेला; बिलं, रिपोर्ट, औषधांचा साठा यांचे प्रोग्राम सांभाळणारा. बाजी त्याच्या खालचं सगळं पाहत. कोणतं यंत्र कोणाशी जोडलंय, माहिती कुठून कुठे जाते, कुठे अडते. त्यांचं नाव शहनाज. अकोल्याच्या, कापड दुकानदाराच्या घरातल्या. इंजिनिअरिंग अमरावतीत केलेलं. लॅबमधल्या दोन मुस्लिम मुली त्यांना बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणत. ते ऐकून नर्सा म्हणू लागल्या, मग वॉर्डबॉय, आणि मी आलो तोवर मोठे डॉक्टरसुद्धा ‘बाजींना बोलवा’ म्हणत होते. लग्न केलं नव्हतं. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणत, ‘त्याच्यासाठी चार दिवस सुट्टी पायजे होती. कोनी देल्लीच नाही.’

ओळ दोनदा वाचायच्या त्या सवयीमागे यवतमाळची एक गोष्ट होती. आधीच्या नोकरीत त्या अकोल्यात बसून यवतमाळच्या एका ऑफिसातला सर्व्हर दुरुस्त करत होत्या. त्या सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं होती. एक बंद करायचं होतं. घाईत बंद झालं दुसरं, म्हणजे ज्या वाटेने बाजी स्वतः आत शिरल्या होत्या तेच. पडदा जागच्या जागी थिजला. तिकडे ऑफिसात त्या दिवशी फक्त शिपाई, त्याला यंत्राचं झाकणही माहीत नाही. बाजी भर मे महिन्यात एसटीत बसून यवतमाळला गेल्या, एक ओळ टाइप केली आणि पुढच्या गाडीने परत आल्या. ‘ज्या दोरानं इहिरीत उतरली थोच दोर कापला मी, भाऊ,’ त्या सांगत. सांगताना हसत नसत. त्या प्रवासाचा शीण अजून अंगात असल्यासारखं सांगत.

त्यानंतर त्यांनी आणखी एक सवय लावून घेतली होती. दूरच्या सर्व्हरवर काही बदल करायचा तर आधी त्या सर्व्हरलाच बजावून ठेवायचं, की माझा आवाज थोड्या वेळात पुन्हा आला नाही तर सगळं होतं तसं करून टाक. मग बदल. बदल नीट बसला की ते बजावलेलं मागे घ्यायचं. मला हे वेळखाऊ वाटायचं. एकदा तसं बोललो. त्या म्हणाल्या, ‘तुले गाडीभाडं द्या लागत नाही नं, म्हनून वाटते.’

हॉस्पिटलात सगळ्यांची तक्रार एकच असे: नेट गेलं. प्रिंटर चालत नसला तरी नेट गेलं, पासवर्ड विसरला तरी नेट गेलं. बाजींना या दोन शब्दांचा मनापासून कंटाळा होता. ‘गेलं म्हंजे काय? कोनाचं गेलं, कुठून गेलं, कुठवरी जाऊन राह्यलं होतं, थे सांग,’ असं त्या फोनवरच विचारत. समोरचा चिडे. वऱ्हाडी माणसाला प्रश्नावर प्रश्न आवडत नाही. पण बाजी चढत्या आवाजाला आवाज देत नसत. ‘सबर कर,’ म्हणत, आणि काळा पडदा उघडत. त्यांचा क्रम ठरलेला होता. ‘आधी घरातलं पाहा, मंग गल्लीतलं, मंग गावातलं.’ घरातलं म्हणजे त्या यंत्राला स्वतःचा पत्ता आहे का, तार नीट बसली आहे का. गल्लीतलं म्हणजे शेजारची यंत्रं आणि बाहेर जायचं दार दिसतं का. तिथे पिंग करायचं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारायची आणि ‘आहे’ असं उत्तर येतं का ते पाहायचं. ते झालं की मग गाव, म्हणजे बाहेरचं जग. बहुतेक वेळा गोष्ट घरातच सापडे. कुणीतरी मोबाइल चार्ज करायला नेट वाटणाऱ्या पेटीची तार काढलेली असे.

यंत्र बंद करून पुन्हा चालू करणाऱ्यांवर त्यांचा खरा राग होता. पुण्याहून येताना मी ती सवय बरोबर घेऊन आलो होतो. एकदा रिपोर्टचा सर्व्हर फार हळू चालत होता, बाजी जेवायला गेल्या होत्या, आणि मी तो सरळ बंद करून चालू केला. चालला. मी खुशीत होतो. बाजींनी डबा तसाच मिटला. ‘आता काहून अटकला होता थे कोन सांगन? रीस्टार्ट केलं का मुडदाबी राहत नाही अन् खुनीबी राहत नाही.’ दोन दिवसांनी सर्व्हर पुन्हा तसाच अडला. त्या वेळी मी कशालाही हात लावला नाही. बाजी आल्या, शाल घेतली, बसल्या. सर्व्हरच्या खोलीत एसी सतत चालू असल्यामुळे बाहेर अमरावती उन्हाने करपत असतानाही त्या राखाडी शाल पांघरून बसलेल्या असत. जुन्या बॅकअपचं एक विसरलेलं काम सगळा रस्ता अडवून बसलं होतं, ते त्यांनी शोधून काढलं आणि त्याची वेळ बदलून टाकली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. डब्यातलं भरीत मात्र पुढे केलं.

बाजींचं अकोला–अमरावती रोजचं अपडाऊन. सकाळी अकोल्याहून गाडी, बडनेऱ्याला उतरून ऑटो, संध्याकाळी उलट. गाडीतही त्यांना सुटका नसे. मांडीवर लॅपटॉप, त्याला मोबाइलचं नेट, आणि मूर्तिजापूर गेलं की ते नेट तुटायचं, पडदा थिजायचा. अशा वेळी त्या लॅपटॉप मिटून बाहेर पाहत बसत. ‘तेवढाच आराम,’ म्हणत. पन्नाशीला आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, खांदे उतरले होते. एकदा मी त्यांना सोडायला बडनेऱ्याच्या फलाटावर गेलो होतो, गाडी फार उशिरा होती. मी सहज विचारलं, ‘बाजी, अकोल्यातच काही पाहत का नाही?’ त्या म्हणाल्या, ‘आपलं काम चांगलं होते तवा कोनाले मालूमच पडत नाही आपन हाव म्हनून. मंग दुसऱ्या नोकरीत जाऊन तरी काय करू?’ गाडी आली. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

अकोल्याची लाइन नेहमी त्रासाची. कंपनीची खास तार महाग पडते म्हणून हॉस्पिटलने ती बंद केली आणि साध्या इंटरनेटवरून दोन्ही गावं जोडायचं ठरवलं. उघड्या रस्त्यावरून पेशंटची माहिती पाठवता येत नाही. त्यासाठी टनेल, म्हणजे बंद बोगदा, करतात. माहिती तारेवरून लहान लहान पाकिटांत जाते. इकडचा सर्व्हर प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून बंद करतो, तिकडचा सर्व्हर ते उघडतो. मधल्या कोणाला आतलं वाचता येत नाही. बाजींनी हे टनेल एकटीने उभं केलं. दोन्ही सर्व्हरवर काय आत येऊ द्यायचं, काय नाही, याचे नियम लिहिले. पिंग केलं, उत्तर आलं. रिपोर्ट पाठवून पाहिले, आले. सगळे खूश झाले.

त्याच आठवड्यात कौंडण्यपूरकडच्या एका गावातले गृहस्थ अमरावतीच्या वॉर्डात होते. पायाचं ऑपरेशन झालेलं, जखम चिघळलेली. कोणत्या औषधाने ते जंतू मरतील हे सांगणारी तपासणी आमच्याकडे फक्त अकोल्याच्या लॅबमध्ये होई, म्हणून नमुना तिकडे गेला. रिपोर्ट इकडे आलाच नाही. वॉर्डातून एकदा चौकशी झाली, तिकडून ‘पाठवला’ असं उत्तर आलं, आणि इथे प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कोणीतरी पाहिला असेल. जुनंच औषध चालू राहिलं. ताप चढत गेला, आणि त्या गृहस्थांना आयसीयूत हलवावं लागलं. मुलगा मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर ओरडला. चूक कोणाची, याचा शोध सुरू झाला.

तो रिपोर्ट पाठवणारी करुणा नावाची तंत्रज्ञ होती, मूर्तिजापूरची. तिला अमरावतीला बोलावण्यात आलं. प्रशासकांच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. ‘मी पाठवला होता, सर,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. प्रशासकांनी बाजींना विचारलं, ‘लाइन बंद होती का?’ बाजींनी सकाळपासून तपासलं होतं. त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. ‘लाइन चालू हाये, सर. एक पिंग चुकलं नाही. त्या दिवशीचे बाकीचे रिपोर्टबी आले हायेत.’ प्रशासक करुणाकडे वळले. ‘ऐकलं?’ चौकशी होईपर्यंत तिने घरी बसायचं ठरलं. घरी बसायचं म्हणजे काय, ते खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजी आल्या त्या शाल न घेताच बसल्या. ‘काल थे पोरगी मह्याच डब्यात होती,’ त्या म्हणाल्या. ‘साऱ्या रस्त्यानं समोर बसली, एक शबद बोलली नाही. मूर्तिजापूरले उतरली अन् उतरता उतरता मले म्हने, बाजी, नीट जाजा. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.’ मग म्हणाल्या: ‘भाऊ, मी जे सांगतलं थे खरं होतं. पन मी फक्त हाक मारून पाह्यली होती. सामान जाते का, थे नव्हतं पाह्यलं.’

रविवारी लॅबमध्ये गर्दी नसते. बाजी अकोल्याच्या सर्व्हरपाशी बसल्या, मी अमरावतीच्या. दुपारची वेळ, फोन कानाला. करुणाचा तोच रिपोर्ट तिकडच्या यंत्रात अजून होता. बाजींनी तो पुन्हा पाठवायला लावला आणि आम्ही दोघंही आपापल्या काळ्या पडद्यावर येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट पाहू लागलो.

‘येऊन राह्यलं काही?’

‘सुरुवातीचं आलं, बाजी. लहान लहान. त्यानंतर काही नाही.’

‘इकडून तं जाऊन राह्यलं. थेच थे, थेच थे. एकच पाकीट घडीघडी पाठवून राह्यलं बिचारं.’

इकडे माझा पडदा कोरडा होता. रिपोर्टच्या प्रोग्रामने थोडा वेळ वाट पाहिली आणि आपली खिडकी मिटून घेतली. ना चूक दाखवली, ना काही. करुणालाही हेच दिसलं असणार. पाठवला, आणि खिडकी मिटली.

‘एक पानाचा कोनताबी रिपोर्ट पाठवून पाहू,’ बाजी म्हणाल्या. तो आला. ‘आता मोठा.’ नाही आला. करुणाचा रिपोर्ट बऱ्याच पानांचा, तक्त्यांचा, चित्रांचा होता. त्या दिवशी आलेले बाकीचे सगळे साखरेचे, हिमोग्लोबिनचे, एकेका पानाचे. मग बाजींनी पिंगचं वजन वाढवायला सुरुवात केली. साधं पिंग हलकं असतं. त्यात भर घालून ते हवं तेवढं जड करता येतं. थोडं जड केलं, उत्तर आलं. आणखी केलं, आलं. त्यापुढे जरासं वाढवलं आणि उत्तर बंद. पुन्हा कमी केलं, आलं. हे त्यांनी इतक्या वेळा केलं की मला शंका उरली नव्हती. त्यांना मात्र आणखी एकदा पाहायचं होतं.

‘पाकिटात पाकीट घातलं का मोठं होते,’ त्या सावकाश बोलत होत्या. ‘मधात कुठंतरी दार लहान हाये. मोठं गाठोडं तिथं फेकून देऊन राह्यले. पन फेकनारा तसा मुका नसते. थो निरोप धाडते का, लहान करून आना. थो निरोप मंग आपल्यापाशी काहून येऊन नाही राह्यला?’

फोनवर की-बोर्डचा आवाज आला. त्या सर्व्हरचे नियम एकेक करून वाचत होत्या. मग आवाज थांबला. मला वाटलं फोन कटला.

‘बाजी?’

‘हाव. आहो.’ मग म्हणाल्या, ‘हा नियम मीच लिवला भाऊ. पिंग सोडून बाकी समदे निरोप बंद. कोनी बाहेरचा त्रास देऊ नये म्हनून. थो बिचारा सांगाले येऊन राह्यला होता, अन् मी त्याले दारातूनच परत पाठवून राह्यली होती.’

दुरुस्ती दोन ओळींची होती. एक, तो निरोप आत येऊ द्यायचा. दुसरी, टनेलमध्ये शिरणारं पाकीट आधीच थोडं लहान ठेवायचं. बाजींनी दोन्ही सर्व्हरना आधी बजावून ठेवलं, मग ओळी टाइप केल्या. वाचत असताना त्यांचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता. मग रिपोर्ट पुन्हा पाठवला. माझ्या पडद्यावर एकामागून एक पाकिटं धो धो यायला लागली आणि बघता बघता सगळी पानं उघडली. त्यात औषधाचं नाव होतं. पाच दिवसांपूर्वी ते इथे असायला हवं होतं. तोवर आयसीयूतल्या डॉक्टरांनी नवा नमुना बाहेरच्या लॅबमधून तपासून घेऊन औषध बदललं होतं, आणि ते गृहस्थ वाचणार हे कळलं होतं. एवढाच काय तो दिलासा.

सोमवारी बाजींनी आधी प्रशासकांना सांगितलं. मी सोबत होतो. प्रशासक वाईट माणूस नव्हते. ऐकून त्यांना हायसंच वाटलं. ‘म्हणजे इंटरनेट कंपनीच्या रस्त्यात अडत होतं, असंच ना? मग कंपनीवर टाकून देऊ. त्या मुलीलाही काही होणार नाही, तुम्हालाही नाही.’

‘कंपनीनं काय केलं, सर? लहान दार कोनाच्याबी रस्त्यात असू शकते. निरोप मी अडवला.’

‘बाजी, हे असं कागदावर गेलं तर...’

‘जाऊ द्या. मह्या एका वाक्यावर थे पोरगी घरी बसली. आता मीच अर्धं खरं सांगू का?’

दुपारच्या बैठकीत त्यांनी मोठ्या डॉक्टरांसमोर, परत बोलावून घेतलेल्या करुणासमोर, सगळं सांगितलं. तांत्रिक शब्दांमागे लपल्या नाहीत. ‘रिपोर्ट करुणानं पाठवला होता. मह्या चुकीनं अटकला. लाइन चालू हाये म्हनून मी जे सांगतलं थे अपुरं होतं.’ मोठे डॉक्टर पेन उघडत-मिटत राहिले. करुणाने तोंडाला ओढणी लावली आणि खांदे हलायला लागले. बाजी उठून तिच्याजवळ गेल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, ‘कोन्या तोंडानं जाऊ?’

पेशंटच्या घरच्यांशी कोणी बोलायचं नाही, हॉस्पिटल काय ते पाहील, असं बैठकीत ठरलं होतं. तरी संध्याकाळी गाडीला निघण्याआधी बाजी आयसीयूकडे गेल्या. मी थांबवायला म्हणून मागे गेलो आणि थांबवलं नाही. बाहेरच्या बाकावर त्या गृहस्थांची बायको बसली होती, पायाशी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. बाजी तिच्या शेजारी बसल्या. ‘काकू, तुमच्या मानसाचा रिपोर्ट मह्या चुकीनं अटकला होता. म्हनून औषधाले उशीर झाला. मी इथं कॉम्प्युटरचं पाहते.’

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. समजलं की नाही, कळेना. बऱ्याच दिवसांची जागलेली, डोळे लाल. मग म्हणाली, ‘आज त्याइनं दोन घास खाल्ले. आताच खाल्ले.’ आणि जरा थांबून, ‘तुमी जेवल्या का?’

बाजींनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. तिथेच बसून राहिल्या. त्यांची गाडी चुकली.

करुणाची नोकरी राहिली. ते गृहस्थ काठी टेकत का होईना, घरी गेले. मुलगा पुढे एकदा कागदपत्रं न्यायला आला होता, तेव्हा कोणाशी बोलला नाही. बाजींना कोणी काढलं नाही. फक्त काही महिन्यांनी बाहेरगावच्या एका कंपनीला हॉस्पिटलच्या सगळ्या सर्व्हरचं काम द्यायचं ठरलं, आणि बाजींचा करार संपला तो पुन्हा लिहिला गेला नाही. चुकीमुळे की कंपनी स्वस्त पडत होती म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मी चिडलो होतो. राजीनामा देतो वगैरे बोललो. बाजी म्हणाल्या, ‘तुह्या मायच्या गोळ्या कोन आनन? बस गुमान.’ आणि मग, पहिल्यांदाच: ‘थकली मी, भाऊ. मले आता कोनी धरून ठेवलं तं मलेच राग येईन.’

कंपनीच्या माणसांना त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. दोन तरुण इंजिनिअर आले होते, हुशार होते, बाजींशी अदबीने वागले. शेवटच्या दिवशी बाजींनी स्वतःचं खातं मला बंद करायला सांगितलं, आणि बंद झाल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवरून आत शिरायचा प्रयत्न केला. सर्व्हरने नकार दिला. दुसऱ्या वाटेने पाहिलं, तिथेही नकार. ‘बराबर,’ म्हणाल्या. नर्सांनी शाल आणि नारळ दिला. करुणा अकोल्याहून आली होती. ती बाजींची पिशवी घेऊन बडनेऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेली आणि तिथून त्याच गाडीने पुढे. त्या दोघी रस्त्याने काय बोलल्या, मला माहीत नाही.

आता ते काम माझ्याकडे आहे. कंपनी दूर आहे आणि माणसं जवळच्यालाच फोन करतात. मध्यंतरी एक दुखणं माझ्या हाती लागत नव्हतं: अकोल्याचा सर्व्हर दिवसातून कधीतरी थोडा वेळ दिसेनासा व्हायचा आणि आपोआप परत यायचा. कंपनीलाही सापडेना. शाखेत काम होतं म्हणून अकोल्याला गेलो, तसा दुपारी बाजींच्या घरी गेलो. विचारावं, असं मनात होतं.

दार त्यांच्या मोठ्या भावाने उघडलं. मला ओळखून आत घेतलं, पंखा लावला, चहा ठेवायला सांगितला. ‘झोपली हाये,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘उठवू?’

मी नको म्हटलं.

‘रोज झोपते दुपारी. पहिल्यांदा तं आमी घाबरलो, बिमार पडली का काय म्हनून. डॉक्टर म्हने, काही नाही, झोपू द्या.’ ते स्वतःशीच हसले. ‘इतक्या वर्षात हिले दिवसा झोपलेली पाह्यलीच नव्हती आमी.’

आतल्या खोलीचा पडदा वाऱ्याने हलत होता. पलीकडे पलंगावर भिंतीकडे तोंड करून कोणीतरी निजलेलं होतं, पावलं चादरीबाहेर. चहा झाला. भाऊ दुकानाच्या गोष्टी सांगत होते, मी ऐकत होतो. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. शाखेतून होता. मी भावांचा हातानेच निरोप घेतला, चपला हातात उचलल्या आणि पायरी उतरून, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन, मग फोन घेतला.